काल नाचत होती, आज उठवत नाही

डिसेंबरातली गोष्ट. रविवारी मावसबहिणीच्या हळदीत मी चांगली दोन तास नाचले. सोमवारी पहाटे चारच्या सुमारास डाव्या मांडीच्या हाडात कळ सुरू झाली, सहापर्यंत ती कमरेत शिरली आणि आठ वाजता मला कूससुद्धा बदलता येईना. मी जिथे हिशेब लिहिते त्या पतसंस्थेत फोन केला. पलीकडून साहेब म्हणाले, "काल तं स्टेटसवर नाचताना दिसल्या नं तुम्ही?"

त्यांनी पाहिलं ते खरं होतं. मी सांगत होते तेही खरं होतं. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, जन्मापासून म्हणजे ३१ वर्षं आहे, आणि आजवर दुखण्याने मला जितकं दमवलं तितकंच या खुलाशांनी दमवलं. तो खुलासा एकदाचा नीट, सविस्तर लिहून ठेवावा म्हणून हा लेख.

अपंगत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुबडी येते, तीनचाकी सायकल येते, पांढरी काठी येते. म्हणजे दिसणारं आणि रोज सारखंच राहणारं काहीतरी. माझं अपंगत्व दिसत नाही आणि ते रोज सारखंही नसतं. महिन्यातले बरेच दिवस मी चारचौघींसारखी असते. जिने चढते, भाजीची पिशवी आणते, बसमध्ये उभी राहते. मग एखादा दिवस असा उगवतो की केसांना कंगवा लावायला हात वर जात नाही. तो दिवस कधी उगवेल ते आदल्या रात्रीपर्यंत मलाही माहीत नसतं. हळदीला जाऊ की नको, परीक्षेचा फॉर्म भरू की नको, गाडीचं तिकीट काढू की नको, हे सगळं ठरवताना त्या न कळलेल्या दिवसाला मध्ये धरावंच लागतं.

एका मण्याचा फरक

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. हे हिमोग्लोबिन प्रथिनांच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या बीटा नावाच्या साखळीत १४६ मणी असतात असं समजा. माझ्या साखळीत सहाव्या जागचा मणी वेगळा आहे. तिथे ग्लुटामिक आम्ल हवं होतं, व्हॅलिन आलं. बाकी १४५ मणी अगदी तुमच्यासारखेच.

प्राणवायू सोबत असेपर्यंत हे हिमोग्लोबिन नीट वागतं. प्राणवायू देऊन झाला, की त्या वेगळ्या मण्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि त्यांचे लांबच लांब दोर वळले जातात. गोल, मऊ पेशी आतून ताणली जाऊन कडक आणि वाकडी होते, धान कापायच्या विळ्यासारखी. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव. पेशी परत फुप्फुसात पोचली, प्राणवायू मिळाला, की पुष्कळदा ती पुन्हा गोल होते. असं वाकणं-सरळ होणं होत होत ती लवकर मोडते. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, माझी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून माझं हिमोग्लोबिन एरवीही साडेसात-आठच्या आसपास असतं आणि डोळ्यांत जरा पिवळेपणा दिसतो.

चांगला दिवस आणि वाईट दिवस यांतला फरक कुठून येतो, हे ज्या गोष्टीवरून मला पहिल्यांदा उमगलं ती गोष्ट फार कमी जण सांगतात. ते दोर वळायला थोडा वेळ लागतो. प्राणवायू सोडल्यावर पेशीला केसाहून बारीक वाहिन्यांमधून निसटायचं असतं. दोर वळायच्या आत ती निसटली तर काही होत नाही. उशीर झाला तर ती तिथेच वाकडी होऊन अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते, तिसरी अडकते, आणि पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळेनासं होतं. त्या भागाचा जो आकांत सुरू होतो त्याला आम्ही क्रायसिस म्हणतो.

म्हणजे माझ्या अंगात ही शर्यत अखंड चालू असते आणि बहुतेक दिवस पेशी थोडक्यात जिंकतात. पाणी कमी पडलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं, आणि जरासं दाटलं तरी दोर कितीतरी लवकर वळले जातात. थंडीने वाहिन्या आकसतात, पेशीची वाट हळू होते. ताप आला, कुठे जंतुसंसर्ग झाला, की वाहिन्यांच्या भिंती चिकट होतात. अतिश्रम, जागरण, उंच ठिकाणची विरळ हवा, काही जणींना मासिक पाळी, जबर मानसिक ताण, या सगळ्यांचं काम एकच: पेशीला उशीर करणं. हळदीच्या रात्री मी घाम निथळेपर्यंत नाचले, पाणी प्यायचं राहिलं, आणि घामेजलेल्या अंगाने नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीत अंगणात बसून गप्पा मारल्या. काल आणि आज यांत एवढंच घडलं होतं. आणि कधी कधी एवढंही घडत नाही. सगळं सांभाळूनसुद्धा क्रायसिस येतो. ही बाब मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य आजारी माणसाला हाडाच्या कळेइतकंच लागतं.

बाटली

सिकलसेलच्या माणसाला डॉक्टर पहिलं काय सांगतात तर पाणी प्या. रोज तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ऐकायला किती सोपं वाटतं.

आता माझी शाळा बघा. भंडारा जिल्ह्यातलं गाव, मुलींसाठी दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही आणि दुसऱ्यात पाणी नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी त्यावर तोडगा काढलेला होता: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, घरी जाऊनच काय ते. मला तो तोडगा परवडणारा नव्हता. त्यातून या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. वाकड्या पेशी तिथल्या बारीक वाहिन्या लहानपणीच खराब करतात. त्यामुळे अंगातलं पाणी निसटत राहतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि पुष्कळ मुलं मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. आई-बाप त्यांना रागावतात, भावंडं चिडवतात. हे आजाराचं लक्षण आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सातवीत आमचे एक सर होते. तासाला दोनदा हात वर केला की म्हणायचे, "तुला वर्गात बसायचंच नाही." तिसऱ्यांदा हात वर करायची लाज वाटायची. मग मी पाणी कमी केलं. त्या वर्षी मी तीनदा दवाखान्यात भरती झाले. आई दर वेळी डॉक्टरांना विचारायची, हिला असं का होतं, आणि मला उत्तर ठाऊक असून मी सांगत नव्हते, कारण बारा वर्षांच्या मुलीला मास्तरच्या तक्रारीपेक्षा सलाइन सोपं वाटतं. आज कुठल्याही शाळेत सिकलसेलचं मूल असेल तर मी तिथल्या शिक्षकांना एकच विनंती करते: त्याच्या बाकावर बाटली राहू द्या आणि त्याला न विचारता बाहेर जाऊ द्या. औषधांच्या बरोबरीचं काम आहे ते.

माझी बाटली अजून माझ्यासोबत असते. दोन लिटरची, स्टीलची, बूड चेपलेली. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला पोचतो तेव्हा ती दिवसातून दोनदा भरते. सकाळी घरातून निघताना आई अजूनही दारातून विचारते, "पाणी पेली काय वं?"

क्रायसिसची रात्र

क्रायसिस म्हणजे सांधेदुखी नव्हे, अशक्तपणाही नव्हे. दारात बोट चेंगरलं आणि ते दार कुणी उघडतच नाहीये, असं मांडीच्या हाडात तासन् तास होत राहतं असं मनात आणून पाहा. बाहेरून मात्र सूज नाही, जखम नाही, एक्स-रे काढला तर त्यातही बहुधा काही नाही. नाडी, रक्तदाब कित्येकदा बऱ्यापैकी असतात. दुखणं किती आहे हे मोजायचं जगात एकच साधन आहे, ते म्हणजे मी सांगते ते.

आणि इथेच गाडं अडतं. लहानपणापासून दुखण्यासोबत राहिलेली माणसं ओरडत नाहीत. मी तर एका अंगावर गप्प पडून भिंतीकडे बघते, फार झालं तर मोबाइलवर काहीतरी लावून मन तिकडे नेते. एका रात्री दवाखान्यात मला विचारलं गेलं, मोबाइल बघता येतोय म्हणजे एवढं दुखत नसेल ना? आणि तेच तेच इंजेक्शन नावाने मागितलं म्हणून संशयही घेतला गेला. मला ते नाव येतं कारण आधीच्या अकरा भरतींत मला काय लागू पडलं हे मी लक्षात ठेवलं आहे. जगभरातल्या रक्तविकारतज्ज्ञांचा दंडक असा आहे की क्रायसिसमध्ये आलेल्या रुग्णाला आल्यापासून तासाभरात पहिलं वेदनाशामक मिळालं पाहिजे, आणि मग दर अर्ध्या ते एका तासाने विचारून पुढचं ठरवलं पाहिजे. त्या रात्री मला पावणेचार तास लागले.

घरच्यांसाठी महत्त्वाचं. सगळेच क्रायसिस घरी काढायचे नसतात. ताप चढला, छातीत दुखून धाप लागली, तोंड किंवा हात-पाय एका बाजूने लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. लहान मुलात पांथरी म्हणजे प्लीहा अचानक फुगून रक्त तिथेच साठतं, मूल पांढरंफटक पडतं. डाव्या बरगडीखाली बोटांनी कसं चाचपायचं हे डॉक्टर आईला शिकवतात, ते शिकून घ्यावं. प्लीहा लवकर निकामी होत असल्याने या मुलांना न्यूमोनियासारख्या आजारांचे जंतू फार लवकर गाठतात. म्हणून पहिल्या पाच वर्षांत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस चुकवायची नाही. आणि रक्त कमी आहे म्हणून कुणी परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर आधी तपासणी मागा. आमच्या मोडलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं, वर रक्त चढवलं असेल तर ते आणखी साठतं. आम्हाला रोज लागते ती फॉलिक ॲसिडची गोळी.

भिंतीवरचं कॅलेंडर

आमच्या स्वयंपाकघरात दूधवाल्याच्या खाड्यांसाठी कालनिर्णय टांगलेलं असायचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईने त्याच चौकोनांत माझंही लिहायला सुरुवात केली. दुखलं की लाल पेनने 'दु' आणि शेजारी जागा: पाय, कंबर, छाती. भरती केलं की चौकोनाला गोल. ताप असेल तर आकडा. आई चौथी शिकलेली. ही कल्पना तिला कुणी दिली नव्हती. वर्ष संपलं की ते कॅलेंडर गुंडाळून ती लोखंडी पेटीत ठेवायची. आजही ती सगळी आहेत.

बारावीनंतर मी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेले तेव्हा ती पेटीतली चार वर्षं काखेत मारून नेली होती. टेबलापलीकडच्या माणसाने मला चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. तो चांगला दिवस होता. बसले, उठले, हात वर केले. मग त्यांनी विचारलं, "भरतीचे कागद किती आहेत?" सहा होते. कॅलेंडरांत त्या चार वर्षांतले लाल 'दु' दोनशेच्या वर होते. घरी शेक घेत, गोळ्या खात, उशीत तोंड खुपसून काढलेल्या त्या दिवसांचा एकही शिक्का मारलेला कागद नव्हता. कॅलेंडर चालत नाही, असं मला सांगण्यात आलं.

मला त्या माणसावर राग धरायचा नाही. पण मोजायची ती रीतच मुळात एका दिवसाची आहे आणि आमचा आजार वर्षभराचा आहे. तळ्यात पाणी किती हे विचारायला पोळ्याच्या दिवशी जावं आणि तळं भरलेलं आहे असं लिहून यावं, मे महिन्यात काय होतं ते विचारूच नये, तसं ते होतं. बदलत्या आजाराची खरी मोजणी किती दिवस वाया गेले, किती रात्री झोप नाही, किती वेळा ठरलेलं काम मोडलं, यांची बेरीज करूनच होते. म्हणून ज्यांना असा कुठलाही आजार आहे, मग तो संधिवात असो, ल्युपस असो, मल्टिपल स्क्लेरोसिस असो, त्यांना मी सांगते की रोजची नोंद ठेवा. आणि घरी सोसलेल्या क्रायसिसनंतरही दोन दिवसांनी ओपीडीत जाऊन ते केसपेपरवर लिहून घ्या. तिथे लिहिलं गेलं की ते घडलं असं धरतात.

कायदा मात्र आपल्या बाजूने बराच पुढे आला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली, त्यात रक्ताचे तीन आजार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं, या आजाराला अपंगत्व माना म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं की सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ आहे. एसटीत मोफत प्रवास आहे, आणि मला ओपीडीला जाताना त्याचा फार आधार होतो.

एक भोक मात्र मोठं राहिलं आहे. त्याच कायद्यात सरकारी नोकरीतलं जे ४ टक्के आरक्षण आहे, त्याच्या कलम ३४ मधल्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मनोदिव्यांग आहेत. आम्ही नाही. म्हणजे शिकताना दिव्यांग, आणि नोकरी मागताना धडधाकट. आम्हाला मेहेरबानी नको आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस अचानक जाणार हे गृहीत धरणारी नोकरी हवी आहे, आणि तशी नोकरी खाजगीत मागायला गेलं की काय होतं ते मी पाच ठिकाणी पाहिलं आहे.

वाहक आणि सोयरीक

हा आजार लागत नाही. तो फक्त आई-बापाकडून येतो, आणि दोघांकडून आला तरच होतो. एकाकडून आला तर माणूस वाहक. आमच्याकडे लोक त्याला एएस म्हणतात आणि रुग्णाला एसएस. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. माझा भाऊ वाहक आहे, शेतात राबतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि काहीच नसण्याची चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो.

हे जनुक इतकं पसरलं कसं, तर मलेरियामुळे. वाहकांना जीवघेणा मलेरिया सहजासहजी मारत नाही, म्हणून डासांच्या जंगलपट्ट्यात ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीत झाली आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार असा त्याचा पट्टा. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा यांच्यात तो आहे, तसाच विदर्भातल्या बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे. 'आदिवासींचा आजार' म्हणून त्याला बाजूला सारणाऱ्यांनी नागपूरच्या कुठल्याही सिकलसेल ओपीडीत एक सकाळ बसून बघावं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांत, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. तपासणी बोटाच्या एका थेंबावर होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पण तपासणीचा कागद हातात आला की घरात कुजबुज सुरू होते. मुलगी एएस निघाली तर तो कागद डब्यात जातो, सोयरीक मोडेल म्हणून. मुलाचा कागद तर कुणी मागतच नाही. वाहकाने बिनवाहकाशी लग्न केलं तर मुलांना आजार होत नाही, एवढं साधं गणित दोन्ही घरांनी समोरासमोर बसून मांडलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. दोघंही वाहक असून त्यांना एकमेकांशीच लग्न करायचं असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते.

उसने दिवस

उपचारांत सगळ्यात कामाची गोळी म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. बाळ पोटात असताना त्याच्याकडे वेगळं, गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ते दोर वळू देत नाही. म्हणूनच सिकलसेलचं मूल पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसतं. ही गोळी मोठेपणी तेच हिमोग्लोबिन थोडं थोडं पुन्हा बनवायला लावते. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिने क्रायसिस जवळपास निम्म्यावर आणले होते. ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. बोन मॅरो बदलून हा आजार मुळापासून जाऊ शकतो, पण त्यासाठी सहसा जुळणारं भावंड लागतं. जनुकच दुरुस्त करणारा उपचार २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला, अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. तो आमच्या गावापर्यंत कधी येईल ते येवो, आज माझ्या हातात गोळी आहे.

तिची अडचण अशी की तिचा गुण दिसत नाही. जो क्रायसिस आलाच नाही, तो मोजणार कसा? कित्येक जण दोन महिने बरे गेले की गोळी सोडतात. मीही सोडली होती, कॉलेजात असताना. मग एका डॉक्टरबाईंनी ओपीडीत माझी कॅलेंडरं मागितली. मी गोळी सुरू करण्याआधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी उलगडलं. आधीच्या वर्षात ५८ लाल 'दु' होते. नंतरच्या वर्षात ३१. त्या काही बोलल्या नाहीत, दोन्ही आकडे माझ्याकडूनच मोजून घेतले. त्याच पानांवरून आणखी एक गोष्ट कळली. माझे 'दु' डिसेंबर-जानेवारीत आणि मे महिन्यात दाटीने होते हे आईला ठाऊकच होतं, पण लग्न, परीक्षा, दिवाळीची साफसफाई यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ते हमखास होते.

त्याचं कारण मला नीट माहीत आहे. चांगला दिवस आला की मला वाटतं, आजच सगळं उरकून घ्यावं, उद्याचा काय भरवसा. राहिलेले कपडे, राहिलेल्या वह्या, राहिलेले पाहुणे, सगळं त्या एका दिवसावर लादायचं. आई याला म्हणते, उद्याच्या घरून उसनं आणणं. आता मी चांगल्या दिवशीही निम्म्यावर थांबायला शिकते आहे, आणि हे क्रायसिस सोसण्यापेक्षा कठीण आहे, कारण थांबणारी बाई लोकांना आळशी दिसते. दिवाळीला एक खोली आज, एक परवा. हिशेबाची वही दुपारी दोनला बंद. ज्या दिवशी काहीच दुखत नसतं त्याच दिवशी दुपारी पडून राहायचं. बघणाऱ्याला हे कळत नाही, आणि दर वेळी समजावत बसायची माझ्यात ताकद नसते.

जवळच्या माणसांनी काय करावं, असं पुष्कळ जण मनापासून विचारतात. "बरी झालीस का?" असं विचारू नका. त्याचं खरं उत्तर कायम "नाही" असतं आणि ते ऐकून तुमचा चेहरा पडतो. "आज कसं आहे?" विचारा, त्याला उत्तर आहे. पंगतीत बसल्या बसल्या झाडपाल्याचं औषध सुचवू नका, खास करून गोळी सोडायला लावणारं. दवाखान्यात सोबत याल तर आमच्या वतीने बोला, कारण त्या वेळी आमच्याकडून बोलणं होत नाही. आणि कार्यक्रमाला बोलवा. गेली दहा वर्षं मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हे, की दोनदा ऐनवेळी आले नाही म्हणून तिसऱ्यांदा लोकांनी बोलवणंच सोडलं. त्यांना वाटतं ते मला त्रासातून वाचवतात.

माझी मोठी मावशी पवनीला राहते. तिच्या लेकीच्या हळदीनंतरचा तो क्रायसिस पाच दिवस चालला, लग्न मी चुकवलं. मला वाटलं ती रागावली असेल. संक्रांतीला तिचा फोन आला. म्हणाली, "रविवारी वडाभात करून राहिलो, जमलं तं ये. सकाळी उठल्यावर पाय बघ आन् मंग सांग, आधी सांगू नको. नाही जमलं तं भाच्याच्या हातून डबा पाठवतो."

त्या रविवारी पाय बरा होता, पण बाहेर गार वारं सुटलं होतं. नऊ वाजता फोन करून सांगितलं, नाही येत. दुपारी एकला भाचा दारात. डबा अजून कोमट होता. वरच्या पुडीत तळलेली मिरची, आणि पिशवीत मावशीने न सांगता घातलेले लोकरीचे पायमोजे.